पाय धुण्याआधीच पाय धुऊन आलेले मामा : सेवेतील नम्रतेविषयी काही प्रश्न

आयर्विन_पलीकडे (सांगली)

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नमस्कार. गेल्या पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आमच्या मंडळीत घडलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. थोडे सविस्तर लिहितो.

पाय धुण्याचा विधी उपासनेत ठेवायचा, असे आमच्या कमिटीने यंदा प्रथमच ठरवले. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, बाहेरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो, हा योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायातला प्रसंग आम्ही शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु तो प्रत्यक्ष करण्याची रीत आमच्याकडे नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी पोपपदावर आल्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, म्हणजे २०१३ साली, रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन तेथील मुलामुलींचे पाय धुतले होते व त्यांत एक मुस्लिम मुलगीही होती, याची बैठकीत कोणी तरी आठवण करून दिली. त्यावरून सूचना आली की, आपण आपल्यातल्या आपल्यात पाय धुण्यापेक्षा आपल्या भागातील सफाई कामगारांना बोलवावे. ही सूचना मीच उचलून धरली. सहा जण आले.

त्यांतील एक मामा अनेक वर्षांपासून आमची गल्ली आणि चर्चच्या मागचे गटार साफ करतात. उपासनेला अर्धा तास होता आणि मी खुर्च्या मांडत होतो. अंगणातल्या नळाकडे सहज नजर गेली तेव्हा मामा तिथे उकिडवे बसून दगडाने टाचा घासत होते. कपड्याच्या साबणाचा तुकडा त्यांनी घरूनच कागदात बांधून आणला होता. मला पाहून ते ओशाळले आणि म्हणाले, "साहेब, पाळकसाहेबांचा हात लागणार. म्हटलं, जरा स्वच्छ करून घ्यावेत."

पुढे विधी यथासांग झाला. पाळकसाहेबांनी गुडघे टेकून अतिशय मनापासून प्रत्येकाचे पाय धुतले, पुसले. कित्येकांचे डोळे भरून आले, तरुण संघाच्या मुलांनी फोटो काढले. माझे लक्ष मात्र नळापासून पायरीपर्यंत उमटलेल्या आणि हळूहळू वाळत चाललेल्या ओल्या पावलांकडे होते. आमची नम्रता आम्हाला दाखवता यावी म्हणून त्या माणसाला आधी स्वतःला लायक करून घ्यावे लागले होते. ज्याची सेवा करायची त्यालाच आम्ही कामाला लावले होते.

तेव्हापासून तो अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. आपण त्यातून नेहमी एवढेच घेतो की, प्रभूने पाय धुतले, म्हणून आपणही धुवावेत. ती आज्ञा तेथे आहेच. परंतु त्या खोलीत ज्याच्या मनाची खरी ओढाताण होते तो शिष्य पेत्र आहे. आणि त्याला कोणाचे पाय धुवायचे नाहीत, स्वतःचे धुऊ द्यायचे आहेत. त्याला तेच जमत नाही. "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत," असे तो ठासून सांगतो. वरवर ही नम्रता वाटते. प्रभू मात्र ती मान्य करीत नाही. आम्ही त्या संध्याकाळी सगळेच्या सगळे प्रभूच्या जागी जाऊन बसलो होतो. पेत्राच्या जागी बसायला आमच्यातले कोणी तयार नव्हते, आणि तसे कोणी सुचवलेही नाही.

बारा शिष्यांना पाठवताना येशू त्यांना झोळी, भाकर आणि पैसा घेऊ नका असे सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे शुभवर्तमान न्यायचे त्यांच्याच ओसरीवर झोपायचे आणि त्यांच्याच ताटात जेवायचे. विहिरीवर शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परक्या मानलेल्या समाजाची, स्त्री भेटते तेव्हा जिवंत पाण्याविषयी बोलण्याआधी तो स्वतः तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. मिशनकार्याचा आरंभ असा मागण्यापासून होत असेल, तर आपण मात्र सदैव देणाऱ्याच्याच जागी का उभे असतो? घेण्याची नम्रता आपल्यात आहे का? आपले अनुभव आणि विचार कळवावेत, ही विनंती.


वॉर्डातली_ताई (मिरज)

जय ख्रिस्त, दादा. मी मिरजेत ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातील बराच काळ कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात गेला. त्यामुळे पाय धुणे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी प्लास्टिकचे टब येतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा लोकांचा समज असतो. तसे नसते. रोगजंतूंमुळे नसा निकामी होतात, पायाची संवेदना जाते आणि मग खडा टोचला, चप्पलचा खिळा रुतला, चुलीचा चटका बसला तरी माणसाला कळत नाही. न दुखणाऱ्या पायावर तो तसाच चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे नीट उलगडून दाखवले आणि त्यानंतर अशा हातापायांकडे पाहण्याची वैद्यकाची रीत बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याचा संसर्गही थांबतो. परंतु आधीच मेलेली नस परत येत नाही. म्हणून अशा पायांची निगा जन्मभर ठेवावी लागते. रोज साध्या पाण्यात वीसेक मिनिटे पाय बुडवून ठेवायचे, घट्टे खरखरीत दगडाने हलके घासायचे आणि कातडी ओली असतानाच तेल लावायचे, म्हणजे ओलावा आत टिकतो व भेगा पडत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण मला प्रत्यक्ष शिकवले ते जतकडच्या एका वृद्ध रुग्णाने. मी नवीन होते, त्यांच्या पायाची अवस्था पाहून मला रडू आवरेना. ते म्हणाले, "सिस्टर, आधी डोळे पुसा आणि टाच बघा." टाचेत बाभळीच्या काट्याचे टोक होते. ते त्यांना दिसत नव्हते, आणि अश्रूंमुळे मलाही दिसले नसते. दया म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला जेव्हा जेव्हा पडला तेव्हा मला त्यांचे ते वाक्य आठवले आहे.

त्या वॉर्डात आम्ही पहिले काही दिवसच रुग्णाचे पाय धुऊन देत असू. पुढे त्याने ते स्वतः करावे, पाय स्वतः तपासावेत, इतरांना शिकवावे, हे शिकवण्यावर सगळा भर असे. आमच्यावाचून त्यांचे अडू नये, यासाठीच आमची नेमणूक होती. आपल्या मंडळ्यांच्या सेवाकार्यात मला हेच कमी दिसते. आपले पाहुणे दरवर्षी तेच असतात आणि दरवर्षी आपण त्यांना तेच देतो.


माहुली_संगम (सातारा)

वरील दोन्ही लेखन वाचून साताऱ्याचा रहिवासी म्हणून मला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये, मुख्यतः अहमदनगर येथे, काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्याला येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुसमाज उभारण्यास आरंभ केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले, त्यामुळे साताऱ्यातील हा प्रयोग जेमतेम दोन वर्षांचा ठरला.

पगार सोडला ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. परंतु त्या काळी परदेशी मिशन हे देणारे आणि देशी कार्यकर्ता हा घेणारा, अशी व्यवस्था घट्ट बसलेली होती. आणि जो पगार देतो तोच शेवटी कोणाला ख्रिस्ती म्हणावे, कसे गावे, कोणत्या शब्दांत प्रार्थना करावी हेही ठरवतो, हे टिळकांना खुपत होते. तुकोबांच्या अभंगांतून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. म्हणजे ज्यांना आपण शिकवायला जातो त्यांच्या संतांकडून आपण आधी घेतलेले आहे, ही कबुली त्यांच्या प्रचारातच होती. धागाकर्ते ज्याला घेण्याची नम्रता म्हणतात ती मला येथे दिसते.

हीच गोष्ट टिळकांच्या आधी काही वर्षे व्ही. एस. अझरिया यांनी जगापुढे मांडली होती. १९१० साली एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत बहुसंख्य प्रतिनिधी युरोप-अमेरिकेचे होते. त्यांच्यापुढे या तमिळ तरुणाने सांगितले की, तुम्ही आमच्या गरिबांसाठी आपली संपत्ती दिलीत, स्वतःचे देहही झिजवलेत, याबद्दल भारतीय मंडळी तुमची ऋणी आहे. पण आम्हाला प्रेमही हवे आहे, आम्हाला मित्र द्या. सभागृहातील काहींना ते भाषण अजिबात रुचले नाही. दोन वर्षांनी, १९१२ मध्ये, तेच अझरिया अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. देह झिजवणे मैत्रीपेक्षा सोपे असू शकते, हे त्यांनी ओळखले होते. मैत्रीत दोघांनाही एकमेकांच्या घरी जेवावे लागते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. टिळकांच्या त्यागाची किंमत घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर वाट्याला आलेला विरह, घरात येणारे पैसे आणि वस्तू कोणाला तरी देऊन मोकळे होण्याची पतीची सवय, पुन्हा पुन्हा मोडलेले बिऱ्हाड, हे सारे त्यांनी सोसले. संत होऊ पाहणाऱ्या पुरुषाची नम्रता बहुधा कोणा स्त्रीच्या कष्टांवर उभी असते. आपण ती मोजताना तिच्याही वहीत डोकावले पाहिजे.


सांगलीवाडीचा_वाचक

मी ख्रिस्ती नाही. येथे लिहावे की नाही असा विचार केला, परंतु धाग्याचा सूर पाहून लिहितो आहे.

माझ्या आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मिरजेच्या मिशन दवाखान्यात झाली होती आणि आमच्या घरात त्या दवाखान्याविषयी आजही आदराने बोलले जाते. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय विद्यालय सुरू झाले आणि १९२८ पर्यंत ते येथेच राबले. सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी म्हणताना आम्हा कोणाला ते नाव परके वाटत नाही. म्हणून पुढचा प्रश्न कृतघ्नपणाने विचारतो आहे, असे कृपया समजू नये.

मिशनच्या दवाखान्यांत उपचारांबरोबर प्रार्थना आणि उपदेशही होत असे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात अन्न, मदत आणि बाप्तिस्मा यांची सरमिसळ झाल्याचा आक्षेप जुना आहे. भुकेला माणूस मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही. ज्या दयेच्या पोटात काही हेतू आहे, ती नम्र असू शकते का? मामांनी टाचा घासल्या तशा काही लोकांनी आपल्या श्रद्धा घासून काढल्या नसतील, याची खात्री कशी देता येईल?


आयर्विन_पलीकडे (सांगली)

वाचकसाहेब, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. खात्री देता येणार नाही. माझे स्वतःचे पणजोबा कशामुळे ख्रिस्ती झाले, याचे खरे उत्तर मला ठाऊक नाही. भाकर, भीती, जातीचा जाच आणि विश्वास यांतले किती काय होते, हे कदाचित त्यांनाही वेगळे करून सांगता आले नसते.

दोन गोष्टी मात्र मांडतो. पहिली, हा पेच त्या काळच्या काही मिशनऱ्यांनाही जाणवला होता. आंध्रातील ओंगोल येथे जॉन क्लॉ यांनी त्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या कामाचा ठेका घेऊन भुकेल्यांना मजुरी मिळवून दिली आणि मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणे थांबवले. पुढे १८७८ च्या जुलैमध्ये तेथे एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. एवढा मोठा आकडा पाहून आपल्यासारख्या चिकित्सक माणसाचे समाधान होणार नाही, हे मी समजू शकतो. माझेही पूर्ण होत नाही. तरीही थांबावे असे कोणाला तरी वाटले, याला मी महत्त्व देतो.

दुसरी गोष्ट शास्त्रातली. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी. येशू विचारतो की, बाकीचे नऊ कोठे आहेत. पण त्या नऊ जणांचे बरेपण तो काढून घेत नाही. ते आले नाहीत, मागे लागले नाहीत, शिष्य झाले नाहीत, तरी त्यांची कातडी शुद्धच राहिली. माझ्या दृष्टीने आमच्या प्रत्येक दवाखान्याची, शाळेची आणि वसतिगृहाची कसोटी ही आहे. नऊ जण मागे न वळता निघून गेले, तर आम्हाला त्यांचे बरे होणे तितकेच गोड वाटते का? माझा विश्वास मी लपवणार नाही, कारण तो लपवून केलेली मैत्रीही खरी नव्हे. परंतु माझ्या मदतीची दोरी त्याला बांधलेली नसावी, यासाठी मला स्वतःवर सतत पहारा ठेवावा लागेल.


ओली_वही (सांगली)

मी २६ वर्षांची आहे आणि तरुण संघाचे काम पाहते. त्या दिवशी फोटो काढणाऱ्यांत मीही होते. ते फोटो मी काल काढून टाकले, हे आधी सांगते.

घेण्याविषयी मला थोडे लिहायचे आहे, कारण ते मला करावे लागले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. इशाऱ्याची आणि धोक्याची पातळी अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहे, हे सांगलीकरांना पाठ असते. आमच्या घरात छातीएवढे पाणी आले. त्याआधी काही वर्षे मी प्रत्येक नाताळात गरजूंना कपडे आणि फराळ वाटला होता, आणि त्या पुरात मी एका अनोळखी कुटुंबाच्या दारात दोन पिशव्या आणि आजारी वडील घेऊन उभी राहिले.

ते कुटुंब जैन होते. घरातील आजी सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नसत. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेतल्यावर त्यांना जेवावेच लागते. आम्ही हे सांगायला संकोचत होतो, पण आजींच्या लक्षात आले. सहा रात्री त्यांच्या सुनेने केवळ वडिलांसाठी ज्वारीची भाकरी टाकली आणि ज्या घरात दिवेलागणीनंतर ताट मांडले जात नसे तेथे आजी स्वतः त्यांच्या समोर बसून राहिल्या, कारण पाहुण्याने एकट्याने जेवू नये. मला त्या सहा रात्री फार जड गेल्या. मी सारखी भांडी घासायला धावत होते, केर काढत होते, काही ना काही परतफेड करू पाहत होते. शेवटी आजी म्हणाल्या, "बाळ, बस की जरा. किती फेडशील?"

त्यानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानात मला एक गोष्ट नव्याने दिसली. येशू ज्यांच्या विश्वासाची 'मोठा विश्वास' म्हणून वाखाणणी करतो असे दोघेच जण तेथे आहेत, एक रोमी शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा अधिकारी, आणि दुसरी कनानी स्त्री. दोघेही बाहेरचे. शताधिपती म्हणतो की, तू माझ्या छपराखाली यावेस एवढी माझी योग्यता नाही. कनानी स्त्री मेजाखाली पडणाऱ्या तुकड्यांवरही आपला हक्क सांगते. शिष्यांना मात्र तोच प्रभू 'अल्पविश्वासी' म्हणतो. आपण सेवेला निघतो तेव्हा विश्वास आपल्या पिशवीत आहे आणि तो तिकडे नेऊन द्यायचा आहे, असे धरून चालतो. प्रभूला तो मात्र तिकडेच सापडत होता.


सावली (कराड)

चर्चा फार चांगली चालली आहे, तरीही एक हरकत नोंदवते.

नम्रतेवरचे प्रवचन बहुतेक वेळा अशा लोकांपुढे केले जाते, ज्यांच्याकडे खाली उतरण्यासाठी पायरीच उरलेली नसते. माझ्या आईला मंडळीत आयुष्यभर सांगण्यात आले की, नम्र राहा, सोसत राहा, प्रभू पाहतो आहे. तिने सोसले. ज्यांनी सांगितले ते कमिटीवर राहिले. मामांना तर नम्रता शिकवण्याची गरजच नव्हती. त्यांना ती जन्मापासून सक्तीने शिकवलेली आहे, म्हणूनच ते साबण घेऊन आले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. ज्याच्याजवळ होते, त्याने सोडले. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यापुढे हे वचन वाचून त्याला गप्प बसवणे, हा त्या वचनाचा गैरवापर आहे.

पंडिता रमाबाईंकडे मी यासाठी पुन्हा पुन्हा वळते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याशीच त्यांचा मतभेद झाला, कारण विश्वासाच्या बाबतीत मी दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून मान डोलावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना गर्विष्ठ ठरवले गेले. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या, विधवा आणि दुष्काळात सापडलेल्या स्त्रियांमध्ये आयुष्य घालवले. एवढ्या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले ते साध्या खेडवळ बाईला कळेल अशा मराठीत, आणि ते छापण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. मोठ्यांपुढे न वाकणे आणि लहानांसाठी आपले पांडित्य बाजूला ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच बाईत होत्या. मला पहिलीवाचून दुसरी खरी वाटत नाही.


पाळक (वाई परिसर)

सावलीताईंची हरकत मी शिरसावंद्य मानतो. व्यासपीठावरून असे प्रवचन मीही केलेले आहे आणि ते ऐकणाऱ्या काही चेहऱ्यांची मला आज आठवण झाली.

पाय धुण्याचा विधी बंद करावा, असे मात्र मला वाटत नाही. शरीराने गुडघे टेकल्यावर मनाला काही काळाने तरी त्याच्या मागोमाग यावे लागते. सुधारणा करायची असेल तर एवढी करता येईल की, कोणालाही निवडून, खुर्चीवर बसवून पाहुणा करू नये. रांगेत जो ज्याच्या शेजारी येईल त्याने त्याचे पाय धुवावेत आणि मग त्याच्याकडून आपले धुऊन घ्यावेत. आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाचा प्याला एक असला तरी मुलामुलींची लग्ने ठरवताना जुनी जात विचारली जाते, हे आपण सर्व जाणतो. अशा मंडळीत कोणाच्या हातात कोणाचा पाय येतो, ही लहान गोष्ट नाही. आणि पाळकानेही त्या रांगेत बसावे. माझे पाय कोणी धुतलेले नाहीत. तशी वेळ आली तर मी पेत्रासारखाच पाय मागे घेईन, असे वाटते.


आयर्विन_पलीकडे (सांगली)

हे सगळे वाचल्यावर मी परवा मामांना भेटायला गेलो. खरे तर इतके दिवस आम्ही त्यांच्याविषयी बोलत होतो आणि त्यांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांच्या घरी बसून मी सांगितले की, त्या दिवशी तुम्हाला टाचा घासाव्या लागल्या याचे मला वाईट वाटते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की, त्यांना त्या दिवशी बरे वाटले होते, पाळकसाहेब चांगले आहेत, फक्त गुडघा दुखत असल्यामुळे इतका वेळ पाय पुढे धरून बसणे जमत नव्हते.

आणखी काही हवे आहे का, असे विचारल्यावर त्यांनी फार विचार करून एक गोष्ट सांगितली. दुपारी काम संपल्यावर घाणीचे हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जावे अशी त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची इच्छा असते, कारण बसमध्ये लोक दूर सरकतात. आमच्या अंगणातला नळ त्यांना सोयीचा आहे. पण रविवार आणि सणवार सोडल्यास त्या नळाला आम्ही पेटी बसवून कुलूप लावतो. ते कुलूप लावण्याचा ठराव कमिटीत मीच मांडला होता, पाणी वाया जाते म्हणून.

रविवारी उपासनेनंतर कमिटीची बैठक झाली. कुलूप काढले आहे. नळाशेजारी आडोसा, एक बाक आणि कपडे टांगायला खुंट्या करायच्या आहेत. आडोसा कोठे हवा हे मामा आणि त्यांचे सोबती येऊन दाखवणार आहेत. बाकाची उंची गुडघ्यांच्या मानाने किती असावी यावर त्यांच्यात अजून एकमत झालेले नाही.

ताई, आपल्याला एक विनंती आहे. आमच्या मंडळीत मधुमेहाचे आठ-दहा रुग्ण आहेत आणि त्यांतील दोघांच्या पायांच्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. मामांच्या सोबत्यांपैकीही एकाची तीच तक्रार आहे. आपण एखाद्या शनिवारी येऊन पायांची निगा कशी राखावी ते शिकवाल का? मीही शिकायला बसेन. माझीही साखर वाढलेली आहे.


वॉर्डातली_ताई (मिरज)

अवश्य येईन, दादा. येत्या शनिवारी दुपारी चालेल. मी वर जे लिहिले ते कुष्ठरोगाच्या पायांसाठी होते, मधुमेहात थोडा फरक असतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. पाय फार वेळ भिजत ठेवायचे नाहीत. कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुवायचे आणि पाण्याचा अंदाज पायाने घ्यायचा नाही, कोपर बुडवून घ्यायचा किंवा घरातल्या दुसऱ्याला घ्यायला सांगायचा. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने अगदी कोरड्या करायच्या. तेल टाचेला आणि तळव्याला चालेल, बेचक्यांत नको. घट्टे ब्लेडने कापू नयेत, घरीही नाही आणि न्हाव्याकडेही नाही. ज्यांच्या जखमा भरत नाहीत त्या दोघांनी आणि मामांच्या त्या सोबत्यानेही शनिवारची वाट न पाहता उद्याच डॉक्टरांना दाखवावे.

येताना प्रत्येकाने रोजच्या वापरातली चप्पल घालून यावे, नवी नको. आत हात घालून खिळा, खडा, उसवलेली शिवण कशी तपासायची ते दाखवते. एक लहान आरसाही आणावा, तळवा बघायला लागतो. आणि मामांना, त्यांच्या सोबत्यांना आवर्जून सांगा की पाय धुऊन येऊ नका. कामावरून थेट या, म्हणजे भेगा आणि जखमा जशा असतात तशा मला बघता येतील.